तेवढं पुढं पाठव

सकाळी सव्वासातला, दूध तापायच्या आत
मी दोनशे तेरा जणांना एकच ओळ पाठवली:
"नवीन व्हिडिओ टाकलाय. बघ, आणि तेवढं पुढं पाठव."
आधी प्रत्येकाचं नाव घालत होतो.
विसाव्या माणसानंतर नुसतं "मित्रा" केलं.
त्या "मित्रा"त माझी मावसबहीण गेली,
गॅसची टाकी आणणारा पोरगाही गेला.

व्हिडिओ तसा साधा. सांगलीतल्या भिंतींवरच्या
पुराच्या खुणा. कुठं विटेच्या तुकड्यानं ओढलेली रेघ,
कुठं ऑइलपेंटनं तारीख,
हरिपूर रोडला एका जिन्यात, सातव्या पायरीशी
कुणीतरी फक्त "इथं" एवढंच लिहिलंय.
सहा मिनिटं चाळीस सेकंद.
दोन महिने फिरलो मी त्याच्यापायी.

नऊपर्यंत सतरा जणांनी बघितलं. दुपारी एकतीस.
आयर्विन पुलाची पातळी बघावी तसा
दर दहा मिनिटांनी आकडा बघत होतो.
फरक एवढाच की इथं चढत नव्हता
म्हणून झोप लागेना.

वडिलांकडं आहेराची वही असायची.
कुणी पितळेचं घमेलं दिलं, कुणी अकरा रुपये,
कोण नुसता जेवून गेला.
मला त्या वहीची लाज वाटायची.
माझ्या पत्रिकेवर "आहेर आणू नये"
मी भांडून छापून घेतलं होतं.
आणि आता फोन उशाला घेऊन
तीच वही भरत होतो:
खराडे, दोन निळ्या खुणा, पुढं काही नाही.
विद्युल्लता, अंगठा, तोही चार सेकंदांत.
पाठक सर, जोडलेले हात. म्हणजे काय, कुणास ठाऊक.
शौकत, कोरा.
कोऱ्यांना मी तिसऱ्या दिवशी "आठवण" पाठवली.

शैलजा आवटीनं रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी
तिच्या सगळ्या ग्रुपांवर टाकलं:
"माझ्या मित्रानं केलंय. अप्रतिम! नक्की बघा."
मी खूश. वहीत तिच्यापुढं दोन टिंबं जास्त.
चार दिवसांनी कळलं, ती तेव्हा मिरजेत
आयसीयूबाहेरच्या बाकावर होती. नवरा आत.
"अरे, तिथं दुसरं काही करता येत नव्हतं," म्हणाली,
"तुझं तरी काम झालं."
बघितला नव्हता तिनं. अजूनही नसेल.

भरतेश मगदूम मात्र स्कूटरवरून घरी आला.
अडतीतला माणूस, शर्टाच्या बाहीला हळद.
चहा नको म्हणाला.
"दोनदा बघितलं. चौथ्या मिनिटापासनं
तू खुणांबद्दल कमी बोलतोस, स्वतःबद्दल जास्त.
म्हणून मी पाठवलं नाही कुणाला.
हळकुंड मोडून आतला रंग बघितल्याशिवाय
मी माल चांगला म्हणत नाही,
म्हणून तर माझ्या शब्दावर लोक घेतात.
तेवढा एक शब्दच आहे रे माझ्याकडं.
तो तुला उसना कसा देऊ?"
दोन दिवस मी त्याच्याशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी आठवलं:
एकोणीसच्या पुरात ह्याच भरतेशकडून आलेलं,
"शामरावनगर, गच्चीवर बाळंतीण आहे, होडी पाठवा."
तेच मला अकरा जणांकडून आलं.
पुढं पाठव, असं त्यात कुणीच लिहिलं नव्हतं.
मीही पाठवलं. त्या बाईचं नाव
मला आजही माहीत नाही.

मिरजेला गेलो, थर्मास घेऊन.
शैलजानं सरकून बाकावर जागा केली.
"किती झाले रे बघणारे?" तिनं विचारलं,
आणि मी फोन मांडीवर पालथा ठेवला.
पालथा ठेवला तरी तो एकदा थरथरला.
माझं लक्ष गेलंच.

पुढचा व्हिडिओ टाकून आठ दिवस झाले.
कुणालाही कळवलं नाही.
नाही, खोटं कशाला बोलू, एकाला पाठवलाय.
खाली लिहिलंय, "मोडून बघ."
अजून एकच करडी खूण आहे.
हंगाम आहे, बाजारात असेल तो.